गुप्तरोगातले ‘गुप्त’

मुंबईच्या लोकलगाडीतून ज्यांनी वर्षानुवर्षे प्रवास केला आहे, त्यांना रुळांलगतच्या भिंतींवरच्या त्या जाहिराती निराळ्या सांगायला नकोत. पांढऱ्या चुन्यावर लाल-निळ्या ठसठशीत अक्षरांत ‘गुप्तरोग’, ‘शर्तिया इलाज’ आणि खाली कुठल्या तरी स्टेशनाजवळचा पत्ता. खिडकीशी बसलेले, नुकतेच जोडाक्षरे वाचायला शिकलेले मूल ती अक्षरे मोठ्याने वाचते आणि विचारते, ‘‘बाबा, गुप्तरोग म्हणजे काय?’’ आसपासची चार माणसे एकदम वर्तमानपत्रात डोके घालतात. बाबा म्हणतात, ‘‘ती बघ, खाडी आली.’’

हा प्रसंग विनोदी वाटतो खरा. पण त्यात आपल्या समाजाचे एक जुने दुखणे दडलेले आहे. अशा रोगांच्या उपचारांची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. म्हणजे कायद्याने जे भिंतीवर असायला नको ते भिंतीवर दिसते, आणि जे घरात, शाळेत, डॉक्टरांच्या खोलीत मोकळेपणी बोलले जायला हवे ते कुठेच बोलले जात नाही. त्या मुलाच्या प्रश्नाला बाबांकडे उत्तर नव्हते, कारण बाबांच्या बाबांनीही त्यांना खाडीच दाखवली होती.

शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या या संसर्गांना आपण ‘गुप्तरोग’ म्हणतो. भल्या डॉक्टरांच्या पाटीवरही ‘त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ’ असेच लिहिलेले असते. यातला ‘रोग’ आज बहुतांशी आटोक्यात आणता येतो. ‘गुप्त’चे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

दुसऱ्याच्या दारात

या रोगांना नाव देताना माणसाने पहिल्यापासून ते दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकले आहेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सिफिलिसची मोठी साथ आली, तेव्हा इटलीतले लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक त्याला नेपल्सचा रोग म्हणत. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात तो ‘फिरंग रोग’ म्हणून येतो. फिरंग्यांनी आणला, म्हणून फिरंग. लोकांच्या तोंडी पुढे सिफिलिसला ‘गरमी’ आणि गनोरियाला ‘परमा’ ही नावे रूढ झाली.

देशादेशांत जे झाले तेच घराघरांत झाले. इथे बोट नेहमी बाईकडे वळले. इंग्रज सरकारने १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून वेश्यावस्तीतल्या स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी करणारा हा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. तपासणी बाईची होई, शिपाई मोकळा असे. कायदा गेला, पण हा रोग ‘त्या’ बायकांचा, ‘तसल्या’ पुरुषांचा, आपल्यासारख्या चांगल्या घरांचा नव्हे, ही समजूत मात्र गेली नाही.

वस्तुस्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ या वयोगटात सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास या चार संसर्गांची मिळून ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणे झाली. रोजचा हिशेब केला तर दहा लाखांच्या वर. इतक्या माणसांना ‘तसली’ म्हणायचे ठरवले, तर मग चांगली घरे उरणार किती? आणि विशेष म्हणजे हे चारही संसर्ग औषधाने पूर्ण बरे होतात.

गडचिरोलीने दाखवलेला आरसा

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर एक पाहणी प्रत्येक सुशिक्षित माणसाला ठाऊक असायला हवी. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी काही ना काही आढळले. त्यातला निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गांचा होता. आणि पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया किती होत्या? अवघ्या ८ टक्के.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. यातले सारेच संसर्ग शरीरसंबंधातून आलेले नव्हते. योनिमार्गात नेहमी असणाऱ्या जंतूंचा समतोल बिघडूनही अंगावरून पांढरे जाते, बुरशीमुळे खाज सुटते. त्याला कुणाचे पाऊल वाकडे पडावे लागत नाही. परंतु बाईच्या लेखी हा फरक करणार कोण? तिच्यासाठी ते सगळे एकाच कोठडीत बंद असते. सासूला सांगायची सोय नाही, नवऱ्याला सांगावे तर संशय, डॉक्टर पुरुष असेल तर संकोच. मग ती दुखणे अंगावर काढते. कंबर दुखते, ओटीपोटात कळा येतात, अशक्तपणा वाटतो, एवढेच सांगून टॉनिकची बाटली घेऊन परत येते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पुरुषाचे दुखणे वेगळ्या वाटेने जाते. त्याला पैसे आणि मोकळीक असते. पण तो जातो भिंतीवरच्या पत्त्यावर. तिथे त्याला निदान मिळत नाही, भीती मिळते. स्वप्नावस्थेसारख्या अगदी नैसर्गिक गोष्टीला ‘धातू जाणे’ म्हणून रोग ठरवून निरोगी पोरांना लुबाडणारे हेच वैदू, खरा गनोरिया झालेल्याला कसली तरी पुडी देऊन घरी पाठवतात. चार दिवसांनी जळजळ कमी होते, माणूस सुटलो म्हणतो, आणि जंतू मात्र आत राहून घरातल्या बाईपर्यंत पोहोचतो.

लक्षण नाही म्हणजे रोग नाही?

या संसर्गांचा खरा दगा त्यांच्या गप्प राहण्यात आहे. गनोरियात पुरुषाला साधारण आठवडाभरात लघवीला जळजळ आणि पू येणे अशी लक्षणे दिसतात; स्त्रीला मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही. क्लॅमिडिया तर बहुतेक स्त्रियांत आणि अनेक पुरुषांत कोणतेही लक्षण न दाखवता महिनोन्‌महिने राहतो. सिफिलिसची सुरुवात संबंधानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, एका न दुखणाऱ्या व्रणाने होते. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि काही आठवड्यांत व्रण आपोआप भरून येतो. रोग बरा झालेला नसतो. तो रक्तात गेलेला असतो. पुढे अंगावर, तळहात-तळपायांवर पुरळ येतो, तोही जातो, आणि वर्षांनंतर हृदय, मेंदू, मज्जातंतू यांवर घाला पडू शकतो.

गप्प संसर्गाची किंमत बहुधा बाईच मोजते. गनोरिया आणि क्लॅमिडिया गर्भाशयातून वर चढून गर्भनलिकांना सूज आणतात, त्या चिकटतात, आणि मूल होत नाही. मग नवस, उपास आणि शेवटी ‘वांझ’ हा शब्द. त्या वांझपणाचे मूळ कधी काळी चार गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या संसर्गात असू शकते, हे त्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नसते. गरोदरपणी सिफिलिसवर उपचार झाले नाहीत, तर गर्भपात, मृत मूल, किंवा जन्मतःच रोग घेऊन आलेले मूल असे धोके असतात. गरोदर बाईची सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी करतात ती यासाठी. ‘‘आमच्या सुनेला ही तपासणी कशाला?’’ असे विचारणाऱ्या सासूबाईंना कुणीतरी शांतपणे सांगायला हवे, की ती तपासणी सुनेच्या चारित्र्याची नसून येणाऱ्या नातवाच्या जिवाची काळजी आहे.

चाचणी आणि औषध

आणि ही तपासणी असते तरी केवढी? सिफिलिससाठी थोडे रक्त पुरते. व्हीडीआरएल ही चाचणी दवाखान्यांत अनेक दशके चालत आली आहे. आता बोटाला टोचून थेंबभर रक्तावर वीसेक मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्ट्याही आहेत. गनोरिया आणि क्लॅमिडियासाठी लघवीचा किंवा स्रावाचा नमुना घेऊन त्यात जंतूची जनुकीय खूण शोधतात. ही चाचणी सगळीकडे मिळत नाही, महागही पडते. म्हणून सरकारी दवाखान्यात लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत आहे. ती उपयोगी आहे, पण तिच्यात एक उणीव राहते. ज्याला लक्षणेच नाहीत तो तिच्यातून निसटतो. म्हणूनच जोडीदाराला संसर्ग झाल्याचे कळले, की आपल्याला काही होत नसले तरी डॉक्टरांकडे जायला हवे.

चाचणीला वेळेचेही एक गणित असते. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी पुष्कळदा ‘नाही’ म्हणते, कारण रक्तात खूण उमटायला दिवस जावे लागतात. एचआयव्हीच्या बाबतीत पहिली चाचणी निर्दोष आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी. मात्र एचआयव्हीचा संसर्ग झाला असावा अशी दाट शंका असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे. संसर्ग रोखणारी औषधे तेवढ्याच मुदतीत सुरू करता येतात.

औषधांची गोष्ट तर आणखी सुखावणारी आहे. १९०५ मध्ये सिफिलिसचा जंतू सापडला, १९१० मध्ये त्यावर साल्वरसान हे पहिले परिणामकारक औषध आले, आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनने तो बरा होतो हे दिसले. राजेरजवाड्यांपासून हमालांपर्यंत सगळ्यांना झिजवून मारणारा हा रोग आज सुरुवातीच्या अवस्थेत असेल, तर लांब पल्ल्याच्या पेनिसिलिनच्या एका मात्रेने बरा होतो. जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा इंजेक्शन घ्यावे लागते. क्लॅमिडियाला आठवडाभराच्या गोळ्या पुरतात. हर्पीस शरीरातून पुरता जात नाही, पण त्याचा त्रास औषधाने आटोक्यात राहतो. एचआयव्हीवरची औषधे सरकारी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळतात. ती नेमाने घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता पक्के ठरले आहे.

अपवाद करायचा तो गनोरियाचा. हा जंतू फार हुशार निघाला. एकेकाळी हमखास चालणारी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे आज त्याच्यावर भरवशाची राहिलेली नाहीत. याला आपणही हातभार लावला आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला हळूच काहीतरी सांगायचे, त्याने दिलेल्या कॅप्सूल दोन दिवस घ्यायच्या आणि बरे वाटताच उरलेल्या कपाटात ठेवायच्या, ही आपली रीत. अर्धवट औषधाने अर्धमेले झालेले जंतू पुढच्या वेळी अधिक दांडगे होऊन येतात. डॉक्टर लाजेसाठी टाळायचा आणि मलमे चोळत बसायचे, यात रोग तर राहतोच, औषधही वाया जाते.

ज्यांना खासगी डॉक्टरांची फी परवडत नाही, त्यांच्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषधे मोफत मिळतात. या दवाखान्यांसाठी औषधांची रंगांवरून ओळखू येणारी पाकिटे केली गेली, म्हणजे नावे वाचता न येणाऱ्यालाही आपले औषध कळावे. १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते. सोय आहे, तिथवर जाणारे पाऊल तेवढे अडते.

‘कुणामुळे?’

हे पाऊल नेमके कुठे अडते? बहुतेक घरांत ते एका प्रश्नाशी अडते: ‘कुणामुळे?’ चाचणीचा कागद हाती आला, की नवरा-बायकोत औषधाआधी आरोपांना सुरुवात होते. म्हणून एक वैद्यकीय सत्य इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. चाचणी संसर्ग आहे एवढेच सांगते. तो केव्हा आणि कुणाकडून आला, हे ती बहुधा सांगू शकत नाही. क्लॅमिडिया महिनोन्‌महिने लपून राहतो. हर्पीस आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही हा विषाणू वर्षानुवर्षे, लग्नाच्याही आधीपासून, निपचित असू शकतो. तेव्हा त्या कागदावरून घर मोडायला निघणे म्हणजे पुराव्याविना फाशी देणे आहे. आणि कधी खरोखर कुणी चुकले असेल, तरी तो हिशेब नंतरचा. आधी दोघांचे औषध. एकानेच घेतले, तर आठ-पंधरा दिवसांत तोच संसर्ग दुसऱ्याकडून पुन्हा परत येतो. दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे आणि दोघांचे औषध पुरे झाल्यावर आणखी सात दिवस संबंध टाळायचा, हा साधा नियम आहे. ‘‘तिलाच द्या गोळ्या, मला काही होत नाही’’ म्हणणारा नवरा तिचा उपचार फुकट घालवत असतो.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. या झाकल्या मुठीचा हिशेब खरोखरच सव्वा लाखाचा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण आपल्या देशात दरवर्षी होतात. एचपीव्हीचा संसर्ग होण्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे दहा-पंधरा वर्षे जातात. म्हणजे तो पकडायला भरपूर अवधी असतो. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना घेऊन झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाची एचपीव्ही चाचणी फक्त एकदा झाली आणि गरज पडली तिथे उपचार झाले, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. आयुष्यातली एक चाचणी आणि निम्मे मृत्यू वाचले! मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांनी साऱ्या जगाला शिकवलेला हा धडा आहे. या विषाणूवरची लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस २०२३ मध्ये बाजारात आली. मुलींना ती शरीरसंबंध सुरू होण्याच्या पुष्कळ आधी, नवव्या ते चौदाव्या वर्षांच्या दरम्यान दिली तर तिचा सर्वांत चांगला उपयोग होतो. ब-प्रकारच्या काविळीची लस तर आता बाळांना जन्मतःच देतात. ती कावीळही शरीरसंबंधातून पसरते, पण त्या लसीची कुणाला लाज वाटत नाही. मग हिचीच का वाटावी?

कंडोमबद्दलही तेच. आपल्याकडे ‘निरोध’ १९६८ पासून आहे, पण कुटुंबनियोजनाचे साधन एवढीच त्याची ओळख राहिली. नेमाने वापरल्यास तो गनोरिया, क्लॅमिडिया, एचआयव्ही यांपासून चांगले रक्षण करतो. हर्पीस, एचपीव्ही आणि सिफिलिसचे व्रण त्याने न झाकलेल्या जागीही असू शकतात, म्हणून तिथे रक्षण अपुरे पडते. हे खरे सांगितले तर लोक त्यावर अधिक भरवसा ठेवतील, कमी नव्हे.

या विषयावर मराठीत कुणी बोललेच नाही असे मात्र नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर मराठीत पुस्तक लिहिले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरण येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यासाठी प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. त्यातल्या १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांना आज आपण द्रष्टे म्हणतो, त्यांच्यावर व्याख्याने ठेवतो. पण त्यांनी शंभर वर्षांपूर्वी जे छापले ते आपल्या मुलांना सांगायची वेळ आली, की आपण खाडी दाखवतो.

मुलाला सांगायचे ते फार अवघड नाही. ‘‘माणसाला जसे सर्दी-पडशाचे जंतू एकमेकांकडून लागतात, तसे काही जंतू मोठ्या माणसांच्या शरीरसंबंधातून लागतात. त्यावर औषधे असतात, ती डॉक्टर देतात. भिंतीवरचे लोक डॉक्टर नसतात.’’ एवढ्या चार वाक्यांत दहा वर्षांच्या मुलाचे समाधान होते. सोळाव्या वर्षी तोच मुलगा किंवा मुलगी आणखी विचारील, कारण पहिल्या वेळी दार बंद झाले नव्हते.

गुप्तता अजिबात नको असे कोण म्हणेल? ती हवीच, पण तिची जागा निराळी आहे. रुग्णाचे नाव, त्याचा कागद, त्याने डॉक्टरांना सांगितलेली हकिगत, हे सगळे गुप्त राहिले पाहिजे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने रुग्णाला तसा हक्कच दिला आहे. इतर संसर्गांच्या बाबतीतही दवाखान्यातल्या प्रत्येकाने, केसपेपर लिहिणाऱ्या कारकुनापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत, ती राखली तर उद्या येणाऱ्याचे पाऊल अडणार नाही. रांगेत सगळ्यांसमोर ‘‘तुम्हाला काय होतंय?’’ असे ओरडून विचारणारा एक कर्मचारी दहा रुग्णांना भिंतीवरच्या पत्त्याकडे पाठवत असतो.

गुप्तता रुग्णाची राखायची आहे. रोगाची राखली, की तो घरभर फिरतो.